बंद दाराआडचा रोजा

रोजा हा शब्द ऐकला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे मुस्लिम घर उभे राहते. पहाटेची सहरी, दिवसभराची तहान, मगरिबची अजान आणि इफ्तारचा खजूर. पण महाराष्ट्रात आणखी एक समाज आहे, ज्याच्या घरांत उपवासाला पिढ्यान्‌पिढ्या रोजाच म्हटले गेले. हा समाज कोकणातल्या बेने इस्राएलांचा, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुद्यांचा. त्यांच्या नव्या वर्षानंतर लगेच येणाऱ्या उपवासाचे जुने नाव आहे ‘नव्याचा रोजा’. आणि नवे वर्ष लागण्याआधीच्या एलूल महिन्यात जे उपवास धरले जात, त्यांना हे लोक चक्क ‘रमजान’ म्हणत.

हाईम समुएल केहिमकर या बेने इस्राएल विद्वानाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. तो त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. समाजाच्या सणांची जुनी मराठी नावे त्यात नोंदलेली आहेत. ती वाचताना एक गोष्ट लक्षात येते. काही नावांच्या शेवटी ‘सण’ आहे: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. काही नावे मात्र रोजा, रमजान, उरूस अशी आहेत. ‘सण’वाली नावे जास्त जुनी आणि ‘रोजा’वाली नंतरची, असे अभ्यासक मानतात. कोकणातल्या हिंदू शेजाऱ्याकडून एक शब्द घेतला, मुस्लिम शेजाऱ्याकडून दुसरा घेतला, आणि दोन्ही शब्दांत आपला धर्म जपला, असा हा हिशेब आहे.

या सगळ्या दिवसांत सर्वांत मोठा आणि सर्वांत गंभीर दिवस म्हणजे योम किप्पूर. बेने इस्राएलांच्या मराठीत त्याचे नाव ‘दारफाळणीचा सण’, म्हणजे घराचे दार लावून घेण्याचा दिवस.

युद्धामुळे माहीत झालेले नाव

योम किप्पूर हे नाव आपल्याकडे अनेकांना माहीत झाले ते एका युद्धामुळे. ६ ऑक्टोबर १९७३ रोजी इजिप्त आणि सीरिया यांचे इस्राएलशी युद्ध सुरू झाले. त्या दिवशी यहुद्यांचा योम किप्पूर होता आणि मुस्लिमांच्या रमजानची दहावी तारीख होती. म्हणून एका बाजूला ते ‘योम किप्पूर युद्ध’ झाले आणि दुसऱ्या बाजूला ‘रमजान युद्ध’. तौबा करण्याच्या दोन दिवसांची नावे माणसांनी एका लढाईला दिली. आजही यहुदी म्हटले की बातम्यांतली युद्धेच आधी आठवतात. त्या दुःखांचे मोल कमी नाही. पण अलिबाग-रेवदंड्याच्या गल्लीत तेलाचा घाणा चालवणारा यहुदी हा त्या बातम्यांच्या कितीतरी आधीपासूनचा आपला शेजारी आहे. त्याचा रोजा काय सांगतो, हे त्याच्याच घरात जाऊन पाहायला हवे.

नागपूरच्या वाचकाने हा दिवस आपल्या कॅलेंडरवर शोधायचा असेल, तर एक सोपी खूण आहे. यहुद्यांचे पंचांग चंद्रावर चालते, पण ते ऋतूशी जुळून राहावे म्हणून १९ वर्षांत ७ वेळा जादा महिना धरला जातो, आपल्याकडच्या अधिक मासासारखा. त्यामुळे तिश्री महिन्याची दहावी तारीख, म्हणजे योम किप्पूर, कायम सप्टेंबर-ऑक्टोबरात येते आणि कित्येकदा दसऱ्याच्या जवळ पडते. २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला आणि २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला दसरा आणि योम किप्पूर एकाच दिवशी होते. दीक्षाभूमीवर जनसागर लोटलेला असताना कोकणात आणि मुंबईत काही मराठी घरे निराहार बसली होती. हिजरी सनाला जादा महिना नसल्याने रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो, आणि फिरता फिरता कधी योम किप्पूरला गाठतो. २००५, २००६ आणि २००७ अशी सलग तीन वर्षे तो दिवस रमजानमध्येच आला होता.

ग्रंथ नाही, प्रार्थनास्थळ नाही, तरी रोजा

बेने इस्राएलांची परंपरा सांगते, की त्यांचे पूर्वज ज्या गलबतातून आले ते अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांचे धर्मग्रंथ समुद्रात गेले. वाचलेल्यांनी तेल गाळण्याचा धंदा धरला. शनिवारी ते घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. हिब्रू भाषा विसरली गेली. राहिला तो ‘शेमा’, म्हणजे ईश्वर एक आहे अशी ग्वाही देणारे वचन. राहिली सुंता, शनिवारची सुटी, खाण्यापिण्याचे काही नियम आणि काही सण-उपवास.

धर्मगुरू नसलेल्या, ग्रंथ नसलेल्या समाजाने प्रायश्चित्ताचा दिवस कसा सांभाळला असेल? त्यांनी तो दाराने सांभाळला. आदल्या दिवशी स्नान करून, सूर्य मावळण्याआधी जेवण उरकून घ्यायचे. पांढरे कपडे घालायचे. मग घराची दारे लावून घ्यायची. त्या दिवशी धंदा नाही, बाहेर जाणे नाही, परक्याशी बोलणे नाही, शिवाशिव नाही. घर आणि परमेश्वर, एवढेच. मेलेल्या वाडवडिलांचे आत्मे या दिवसांत घरी येतात, असाही जुन्या लोकांचा समज होता.

दुसऱ्या दिवसाचे नाव होते ‘शिळा सण’. त्या दिवशी दारे उघडायची. गोरगरिबांना दान द्यायचे, नातेवाईक आणि ओळखीच्या लोकांच्या घरी जायचे. आदला दिवस जितका बंद, तितका हा दिवस मोकळा. रोजानंतर फितरा आणि ईदची गाठभेट पाहिलेल्या कुणालाही हा क्रम ओळखीचा वाटेल.

पुढे कोचीनच्या यहुद्यांशी संबंध आला आणि शास्त्रशुद्ध प्रार्थना शिकवल्या गेल्या. डेव्हिड राहाबी नावाच्या गुरूचे नाव समाज आजही आदराने घेतो. धार्मिक बाबींत निवाडा करणारे त्यांचे जे प्रमुख असत, त्यांना म्हणत ‘काजी’. झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांकडे ते पद चालत आले. आणि प्रार्थनास्थळाला बोलीत शब्द होता ‘मशीद’. मुंबईतले बेने इस्राएलांचे पहिले प्रार्थनास्थळ १७९६ मध्ये मांडवी भागात समाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच समुएल दिवेकर, यांनी बांधले. ते इंग्रजांच्या फौजेत होते आणि टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले होते. हे ‘बनी इसराईल’ आहेत हे कळल्यावर टिपूच्या आईने, कुरआनात ज्यांचे नाव वाचले ती माणसे हीच, म्हणून त्यांना जीवदान देण्यास सांगितले, अशी कथा समाजात सांगितली जाते. सुटून आल्यावर त्यांनी हे प्रार्थनास्थळ उभे केले. त्याचे नाव ‘शाअर हारहामीम’, अर्थात दयेचे दार. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणू लागले. मध्य रेल्वेच्या मशीद स्थानकाचे नाव यावरूनच पडले, असे मानले जाते.

एकाच मुळाचे शब्द

हिब्रू आणि अरबी या बहिणी-बहिणी भाषा. योम किप्पूरचे शब्द अरबी शब्दांशेजारी ठेवले, की नाते लगेच दिसते. ‘योम’ म्हणजे ‘यौम’, दिवस. ‘किप्पूर’ आणि ‘कफ्फारा’ एकाच धातूचे. उपवासाला हिब्रूत ‘त्सोम’, अरबीत ‘सौम’. पश्चात्तापाला हिब्रूत ‘तेशुवा’, अरबीत ‘तौबा’. दोन्हींचा मूळ अर्थ परत फिरणे. दानाला तिकडे ‘त्सेदाका’, इकडे ‘सदका’.

कुरआनात सूरह बकरामध्ये रोजे फर्ज केल्याचे सांगताना, तुमच्या आधीच्या लोकांवरही ते फर्ज होते, असा उल्लेख येतो. हदीसच्या ग्रंथांत नोंद आहे, की प्रेषित मुहम्मद (स.) मदिनेत आले तेव्हा तिथले यहुदी आशुराचा रोजा धरताना त्यांना दिसले. हजरत मूसा (अ.) यांची फिरऔनच्या तावडीतून सुटका झाली तो हा दिवस, असे कारण त्यांनी सांगितले. मूसांशी आमचे नाते अधिक जवळचे आहे, असे म्हणत प्रेषितांनी स्वतः रोजा धरला आणि अनुयायांना धरायला सांगितला. हिजरी सन २ मध्ये रमजानचे रोजे फर्ज झाले आणि आशुराचा रोजा ऐच्छिक राहिला. ‘आशुरा’ म्हणजे दहावा दिवस. योम किप्पूरही महिन्याचा दहावा दिवस. आज दोन्ही पंचांगे वेगळी चालतात, म्हणून हे दिवस क्वचितच जुळतात. २०१६ मध्ये मात्र ११ ऑक्टोबरला दसरा झाला आणि १२ ऑक्टोबरला भारतात योम किप्पूर आणि यौमे आशुरा एकाच दिवशी आले.

यहुदी परंपरेत योम किप्पूरचे कारण वेगळे सांगितले जाते. वासराची मूर्ती पुजण्याचे पाप लोकांच्या हातून झाले. त्यानंतर मूसा (अ.) पुन्हा पर्वतावर गेले आणि क्षमा मिळाल्याची खूण म्हणून धर्माज्ञांच्या नव्या पाट्या घेऊन ज्या दिवशी उतरले, तो हा दिवस. म्हणून हा माफीचा दिवस.

पंचवीस तासांचा उपवास

योम किप्पूरचा उपवास सूर्यास्ताच्या किंचित आधी सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी तारे दिसू लागल्यावर सुटतो. सुमारे २५ तास. मध्ये रात्र येते, पण सहरी नाही. अन्न नाही, पाणी नाही, स्नान नाही, अंगाला तेल-अत्तर नाही, पती-पत्नीचा सहवास नाही, पायांत कातडी जोडे नाहीत. जिवाला धोका असेल अशा आजाऱ्याने मात्र खाल्लेच पाहिजे, कारण जीव वाचवणे उपवासाहून मोठे. लहान मुलांवर हा उपवास नाही. इस्लाममध्ये आजाऱ्याला आणि प्रवाशाला सुटलेले रोजे नंतर कजा करता येतात. योम किप्पूर हुकला, तर त्याच्या बदली दुसरा दिवस नसतो.

त्याआधी तयारी असते. बेने इस्राएल ज्या सेफार्दी पद्धतीने प्रार्थना करतात, तीत एलूल महिनाभर क्षमायाचनेच्या खास प्रार्थना, ‘सेलिहोत’, म्हटल्या जातात. त्यांची वेळ पहाटेची. ज्या वेळी रमजानात मोमीनपुऱ्यातल्या घरांत सहरीसाठी दिवे लागतात, तीच. नव्या वर्षाच्या सणाला चिकाचा हलवा होतो, आणि मग सुरू होतात पश्चात्तापाचे दहा दिवस. श्रद्धा अशी, की वर्षारंभी प्रत्येकाचा येत्या वर्षाचा हिशेब लिहिला जातो आणि दहाव्या दिवशी त्यावर शिक्का बसतो. शब-ए-बरात जागवणाऱ्याला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही.

दिवसाची सुरुवात संध्याकाळच्या ‘कोल निद्रे’ने होते. देवापुढे घेतलेल्या आणि पाळता न आलेल्या नवसांतून, शपथांतून मोकळे करण्याची ही याचना. दुपारी योना संदेष्ट्याचे पुस्तक वाचतात. योना म्हणजेच हजरत युनूस (अ.). माशाच्या पोटातून त्यांनी केलेली दुआ मुस्लिम घरांत संकटकाळी आजही वाचली जाते. त्यांच्या शहराने तौबा केली आणि अजाब टळला, ही गोष्ट दोन्ही समाज आपापल्या ग्रंथांतून ऐकतात. शेवटची प्रार्थना ‘नेइला’. या शब्दाचा अर्थ दार बंद होणे. आकाशातले क्षमेचे दार आता मिटते आहे, जे मागायचे ते आत्ताच मागा, असा तिचा भाव. ती संपल्यावर शोफार, म्हणजे मेंढ्याचे शिंग, फुंकले जाते आणि उपवास सुटतो.

घराचे दार बंद करून सुरू झालेला दिवस आकाशाचे दार बंद होताना संपतो. दारफाळणी हे नाव कोकणातल्या खेड्यांतले, नेइला हा प्रार्थनाग्रंथांतला हिब्रू शब्द. पण दोन्हींत दार आहे.

देव माफ करील, पण माणूस?

या दिवसाचा गाभा मात्र उपाशी राहण्यात नाही. यहुदी धर्मशास्त्राच्या मिश्ना या प्राचीन ग्रंथात योम किप्पूरचा सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. माणूस आणि देव यांच्यातल्या अपराधांचे प्रायश्चित्त या दिवसाने होते. माणूस आणि माणूस यांच्यातल्या अपराधांचे होत नाही, जोवर ज्याचे वाईट केले त्याची समजूत घातली जात नाही. ‘कोल निद्रे’तही माणसाने माणसाला दिलेला शब्द सुटत नाही. उसने घेतलेले पैसे देवापुढे रडून फिटत नाहीत.

म्हणून योम किप्पूरच्या आधीच्या दिवसांत लोक एकमेकांकडे जाऊन माफी मागतात. मूसा बिन मैमून, म्हणजे मैमोनिदेस, हा बाराव्या शतकातला थोर यहुदी धर्मशास्त्री आणि हकीम. तो अरबीत लिहीत असे आणि कैरोत सुलतान सलाहुद्दीनच्या दरबाराशी संबंधित होता. त्याने हा नियम बारकाईने मांडला. समोरचा माफ करीत नसेल तर तीन माणसे सोबत घेऊन जा. पुन्हा जा, तिसऱ्यांदा जा. ज्याचा अपराध केला तो मरण पावला असेल, तर दहा जणांना घेऊन त्याच्या कबरीवर जा आणि तिथे कबुली द्या. त्याचे पैसे देणे असतील तर ते वारसांना द्या. आणि खरी तेशुवा कुणाची? तीच संधी, तीच ताकद पुन्हा हाती असताना जो तेच पाप टाळतो, त्याची.

इस्लाममध्ये याच गोष्टीला हुकूकुल्लाह आणि हुकूकुल इबाद म्हणतात, अल्लाहचे हक्क आणि बंद्यांचे हक्क. इमाम नववी यांनी तौबेच्या अटी सांगताना पाप सोडणे, पस्तावणे आणि पुन्हा न करण्याचा निश्चय, या तिन्हींबरोबर चौथी अट घातली आहे. पाप माणसाविरुद्ध असेल, तर त्याचा हक्क त्याला परत करणे. एका प्रसिद्ध हदीसमध्ये दिवाळखोर कोण, याचे उत्तर आहे. तो कयामतच्या दिवशी नमाज, रोजा, जकात सगळे घेऊन येईल. पण त्याने कुणाला शिवी दिली असेल, कुणाचा माल खाल्ला असेल, कुणाला मारले असेल. त्याची पुण्ये त्या लोकांना वाटली जातील आणि त्याच्या हाती काही उरणार नाही. योम किप्पूरच्या सकाळी यहुदी प्रार्थनास्थळांत यशया संदेष्ट्याचा जो भाग वाचतात, त्याचाही रोख हाच आहे. उपवासाच्या दिवशी मजुराला राबवायचे आणि भांडणे करायची, तर त्या उपवासाचा उपयोग काय, असे तो विचारतो. उपाशी माणसाला आपल्या भाकरीतली भाकरी देणे, हा त्याच्या लेखी खरा उपवास.

दारे कमी झाली

या समाजाची आजची अवस्थाही समजून घ्यायला हवी. १९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्राएल इस्राएलला गेले. तिथे त्यांच्याच धर्मगुरूंनी, लग्नाच्या वेळी, हे खरे यहुदी आहेत का, अशी शंका घेतली. घाण्यावर शनिवार पाळणाऱ्यांच्या, ग्रंथाविना दारफाळणी जपणाऱ्यांच्या नातवंडांना पुरावा मागितला गेला. त्यांनी आंदोलन केले. १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ते सर्व अर्थांनी यहुदी असल्याचा ठराव केला, तेव्हा तो अपमान संपला.

महाराष्ट्रात आता त्यांची संख्या अडीच हजारांच्या आसपास आहे. २०१६ मध्ये राज्य सरकारने त्यांना अल्पसंख्याकाचा दर्जा दिला. रेवदंडा, अलिबाग, पनवेल इथे एकोणिसाव्या शतकातली त्यांची प्रार्थनास्थळे उभी आहेत. यहुदी नियमाप्रमाणे सामुदायिक प्रार्थनेला १३ वर्षांवरील दहा पुरुष लागतात. जिथे गावात एकदोनच घरे उरली, तिथे दहा माणसे जमवणे हीच अडचण होते. भायखळ्यात ससून घराण्याच्या नावाने सुरू झालेल्या शाळेत आज आसपासच्या वस्तीतली मुस्लिम मुले मोठ्या संख्येने शिकतात. ज्यांनी शाळा काढल्या ते गेले. ज्यांच्या मुलांना त्यांचा लाभ झाला, ते इथे आहेत. शेजाऱ्याचा हक्कही हुकूकुल इबादमध्येच मोडतो. त्याची दुकानाची पाटी, त्याचे कब्रस्तान, त्याची जुनी मशीद नीट राहील हे पाहणे, आणि दूरच्या लढाईचा राग त्याच्यावर न काढणे, हा त्या हक्काचा भाग आहे.

रमजानात जन्नतची दारे उघडी असतात, असे हदीसमध्ये आले आहे. त्या दारापर्यंत जाणारा रस्ता मात्र कधी कधी शेजारच्या गल्लीतून जातो. वाटणीवरून बोलणे बंद झालेला भाऊ, पगार थकवलेला कारागीर, टोमण्याने दुखावलेली सून, वर्षभर हप्ता मागायला संकोचणारा उसनवारीचा मित्र. ईदगाहवर हजारोंच्या गर्दीत अनोळखी माणसालाही गळाभेट देणे सोपे असते. ज्याच्याशी बोलणे बंद आहे, त्याची कडी वाजवणे अवघड. यहुदी ते काम उपवासाच्या आधी उरकतो, कारण दारफाळणी लागली की बाहेर पडता येत नाही. रोजेदाराला तर पूर्ण महिना मिळतो. ईदचा चाँद दिसायच्या आत ती एक कडी वाजवून यावी.